पाचवी मागणी



नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ बोलायचं म्हटलं की रविवारच्या सुट्टीचा विषय ठरलेला. १० जून १८९० पासून गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी मिळाली, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. मला आज त्याच्या सहा वर्षं आधीच्या एका कागदाबद्दल बोलायचं आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. या चार मागण्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पाचवीकडे फारसं कोणी वळत नाही. कामावर असताना मोठी इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

भाजलेल्या रुग्णांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. स्टोव्ह, सिलिंडर, दिवाळीचे फटाके, उकळतं तेल हे सगळं आमच्या वॉर्डात येतंच. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत एक वेगळा रुग्ण नियमानं येऊ लागला. त्याच्या अंगाला आग लागलेली नसते. हात, पावलं, गुडघे, कधी डोळा, एवढंच भाजलेलं असतं. येतो तोही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. हा माणूस, बहुतेक वेळा ही बाई, मॉलमध्ये, बँकेत, आयटी कंपनीत, हॉटेलात किंवा एखाद्या हॉस्पिटलातच हाऊसकीपिंगला असते. गिरण्यांच्या जागेवर आज जे काचेचे मनोरे उभे आहेत, त्यांच्या लाद्या पुसणारी ही माणसं. लोखंड्यांची पाचवी मागणी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. ती वाटेत कुठे अडली, हेच मला आज सांगायचं आहे.

आधी ते रसायन कसलं, ते पाहू. कुठल्याही मोठ्या इमारतीत जिन्याखाली किंवा संडासाला लागून एक अरुंद खोली असते. मॉप, बादल्या, वायपर, टांगलेले ओले फडके, आणि खाली पाच-पाच लिटरचे कॅन. कॅनवर नाव असतं, कधी कधी इंग्रजीत बारीक अक्षरात सूचनाही असते. पण कॅन घेऊन कोणी फिरत नाही. त्यातलं द्रव स्प्रेच्या बाटलीत नाहीतर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओततात, आणि त्या क्षणी त्याचं नावगाव सुटतं. मग उरतात रंग आणि नंबर. 'आर-वन' बाथरूमला, 'आर-सिक्स' संडासाला, 'तो निळा' काचेला, 'तो लाल' डागाला. कामावर पहिल्याच दिवशी एवढं शिकवलं जातं, आणि बहुतेकांचं शिक्षण तिथेच संपतं. किती पाण्यात किती घालायचं याचं प्रमाण कॅनवर असतं; पण क्लायंटची फेरी असली की सुपरवायझर म्हणतो, "मावशी, आज जरा कडक बनवा."

संडास साफ करायच्या द्रवात असतं हायड्रोक्लोरिक अॅसिड. ब्रँडच्या बाटलीत ते साधारण दहा टक्के असतं. बाजारात सुटं मिळतं ते तीस टक्क्यांच्या आसपास. नव्या इमारतीचा ताबा देण्याआधी लाद्यांवरचे सिमेंटचे आणि रंगाचे डाग काढायला हे सुटं अॅसिडच वापरतात, आणि ते घासायला बायका लादीवर उकिडव्या बसतात, अनवाणी किंवा स्लिपर घालून. अॅसिड कातडीला लागलं की झोंबतं. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर घट्ट व्हावा तशी वरची कातडी घट्ट होते आणि त्या पापुद्र्यामुळे अॅसिडला आत शिरायला थोडी अडचण होते. यात मोठं सुख नाही, जखम व्हायची ती होतेच. पण दुखतं म्हणून माणूस निदान नळाकडे धावतो.

कॉस्टिक सोड्याचं तसं नाही, आणि माझ्या मते हॉटेलांच्या स्वयंपाकघरात अॅसिडपेक्षा त्याचीच भीती जास्त बाळगायला हवी. चिमणीवरचं, भट्टीवरचं, एक्झॉस्टच्या जाळीवरचं वर्षानुवर्षांचं तेलकट काळं काढायला जे पातळ मिळतं त्याचा जोर बऱ्याचदा कॉस्टिकचाच असतो. तुंबलेला ड्रेनेज मोकळा करायला पांढरे चकत्यांसारखे तुकडे टाकतात, तेही कॉस्टिकच. कॉस्टिक चरबीचा साबण करतं. कारखान्यात साबण असाच बनतो. बोटांना लागलं की बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे आपल्याच कातडीतल्या तेलाचा झालेला साबण. सुरुवातीला दुखत नाही. पापुद्रा धरत नसल्यामुळे ते थांबत नाही, आत आत जात राहतं. हाताला बुळबुळ लागली तर साबण समजून फडक्याला पुसून पुढचं काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन तासांनी आग सुरू होते, तोवर खोलवर जायचं ते गेलेलं असतं. डोळ्यात थेंब गेला तर काही मिनिटांत ते बुबुळाच्या आत पोचतं.

तिसरं एक आहे, त्याचं नाव हायड्रोफ्लुओरिक अॅसिड. गंजाचे डाग काढायचं पातळ, दगडाच्या आणि काचेच्या दर्शनी भिंती उजळवायचं पातळ, अॅल्युमिनियम चमकवायचं पातळ, यांपैकी काहींमध्ये ते किंवा त्याच्या जातीचं अमोनियम बायफ्लुओराइड असतं. वीस टक्क्यांपेक्षा पातळ असलं तर दुखायला चोवीस तासही लागू शकतात. त्यातला फ्लुओराइड नखाखालून शिरतो, आत जाऊन कॅल्शियम बांधून टाकतो. कातडी वरून जवळजवळ धड दिसते आणि माणूस आतून ठणक्यानं तळमळत असतो. घट्ट अॅसिड तळहाताएवढ्या दोन-तीन जागी लागलं तरी रक्तातलं कॅल्शियम घसरून हृदय बंद पडू शकतं. यावर पहिला इलाज आहे अडीच टक्क्यांच्या कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. काही महागडं औषध नाही. पण ते लावायचं तर बाटलीत काय होतं हे कोणीतरी सांगावं लागतं. रुग्ण सांगतो, "लाल होतं." सुपरवायझरला फोन लावला तर तो म्हणतो, "डाग काढायचं होतं, मॅडम." ज्या माणसाला त्या द्रवाचं खरं नाव माहीत असतं तो ते खरेदी करतो, आणि त्याच्या हाताला ते कधी लागत नाही.

एका बाईची गोष्ट सांगते. नाव, गाव, जागा काही सांगणार नाही. चाळिशीची, एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये रात्रपाळीला सफाईला. ड्रेनेजमध्ये चकत्या टाकून वर पाणी ओतलं, ते उसळून पायावर आलं. खरं तर कॉस्टिक पाण्यात हळूहळू टाकायचं असतं. कॉस्टिकवर पाणी ओतलं की ते तापून उसळतं. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पायात रबरी स्लिपर होती. तिनं मगभर पाणी घातलं आणि पहाटेपर्यंत काम केलं. "दुखत नव्हतं, मग कशाला काम सोडू?" हे तिचे शब्द. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली तेव्हा बोटं सुजली होती आणि जोडवी मांसात रुतली होती. द्रव नेमकं जोडव्याखाली अडकून राहिलं होतं. बाकी पाऊल वरवर भाजलेलं, जोडव्याखाली मात्र हाड दिसत होतं. जोडवी कापावी लागणार म्हटल्यावर ती जागची हलेना. नवरा गावी, सौभाग्याचं लेणं, त्याच्या माघारी कसं कापू? शेवटी नणंदेला फोन लावला. नणंदेनं चार शब्द सुनावले, आधी तिला आणि मग मला, आणि परवानगी दिली. बांगड्या, अंगठी, जोडवी, घड्याळाचा पट्टा हे सगळं पहिल्या मिनिटाला काढायचं असतं, हे मी तेव्हापासून प्रत्येक शिबिरात सगळ्यात आधी सांगते.

त्या दिवशी तिच्या केसपेपरवर लिहिलं होतं: घरी ड्रेनेज साफ करताना अपघात. सांगणारा तिच्याबरोबर आलेला ठेकेदाराचा माणूस होता. तिनं मान डोलावली.

या मान डोलावण्यापाशी आपण थोडं थांबू, कारण पाचवी मागणी इथेच अडते. भाजलेली बाई आली की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं. नवविवाहितांच्या जळण्याच्या घटना पाहता हा नियम हवाच. पण पोलीस आले की नवरा, सासर, भांडण यांची चौकशी होते. ठेकेदार, रसायन, हातमोजे हे प्रश्न त्यांच्या फॉर्ममध्ये नसतात. ठेकेदाराला कंत्राट जायची धास्ती, रेस्टॉरंटला नाव खराब व्हायची धास्ती, बाईला काम जायची धास्ती. 'घरी' हा एक शब्द तिघांनाही सोयीचा. पुढे तिला दीड महिना बिनपगारी बसावं लागलं, मांडीची कातडी काढून पायावर लावावी लागली, आणि सरकारी दप्तरात कामाच्या जागी कोणताही अपघात झाला नाही.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्येच आला, राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, १९४८ मध्ये. आज एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होतं. कामावरच्या इजेमुळे किमान तीन दिवस बसावं लागलं तर सरासरी रोजाच्या नव्वद टक्के भत्ता मिळतो. लोखंड्यांनी शंभर टक्के मागितले होते. नव्वदही वाईट नाहीत. पण त्यासाठी कार्ड निघालेलं हवं, वर्गणी भरलेली हवी, आणि इजा कामावर झाली असं कागदावर हवं. तिसरी अट कशी मोडते ते आता पाहिलं. पहिल्या दोन ठेकेदार मोडतो.

आणखी एक बारकावा सांगते, वकिलांनी चूक असेल तर सुधारावी. १९२३ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडूनही घेता येत असे. अट अशी की ते काम मालकाच्या धंद्याचा नेहमीचा भाग असावं. लादी पुसणं हा बँकेच्या धंद्याचा भाग आहे का, यावर वाद घालायला त्यामुळे कायम जागा राहिली. २०२० च्या सुरक्षा आणि आरोग्य संहितेत 'गाभ्याची कामं' कोणती ते सांगताना झाडणं, पुसणं, कचरा उचलणं ही कामं नावानिशी वगळली आहेत, जोवर संस्थेचा धंदाच सफाईचा नसेल तोवर. म्हणजे ही कामं ठेक्यावर द्यायला मोकळीक. ठेका कामगारांचा १९७० चा कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे, नव्या संहितेत तो आकडा पन्नास आहे. एका शाखेत चार, एका मजल्यावर सहा, अशी विखुरलेली ही माणसं पन्नासाच्या हिशेबात कुठे बसतात ते संहिता लिहिणाऱ्यांनी सांगावं. माझ्या वॉर्डाचं तरी एक दिवस संडास धुतले गेले नाहीत तर काम बंद पडतं. गाभा आणखी कशाला म्हणतात मला ठाऊक नाही.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात ग्रँड आयलंड नावाचं गाव आहे, मांसाच्या मोठ्या कारखान्याचं. तिथल्या शाळेत शिक्षकांच्या लक्षात आलं की एक मुलगी वर्गात झोपते आणि तिच्या हातांवर, गुडघ्यांवर भाजल्याच्या खुणा आहेत. विचारल्यावर कळलं की ती रात्री कत्तलखाना धुवायला जाते. चरबी आणि रक्त धुवायला तिथेही दाहक क्षारांचीच रसायनं, गरम पाणी आणि रात्रपाळी. काम कारखान्याचं नव्हे, बाहेरच्या सफाई कंपनीचं. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथलं कामगार खातं कोर्टात गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: आठ राज्यांतल्या तेरा कारखान्यांत तेरा ते सतरा वर्षांची एकशे दोन मुलं रात्री सफाई करत होती. दंड झाला पंधरा लाख डॉलर, म्हणजे कायद्यानं एका मुलामागे जास्तीत जास्त जेवढा करता येतो तेवढा. दंड सफाई कंपनीला झाला. कारखाने ज्यांचे, त्यांना झाला नाही. इतकी तपासणी यंत्रणा, इतका पैसा असलेल्या देशात हे उघडकीला आलं ते कोणा इन्स्पेक्टरमुळे नव्हे, शाळेतल्या माणसांनी एका मुलीचे हात पाहिले म्हणून. हात पाहणं हे तपासणीचं सगळ्यात स्वस्त साधन आहे.

आपल्याकडे अॅसिडकडे लक्ष गेलं ते दुसऱ्या कारणानं. १८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं अॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले: विकणाऱ्यानं नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि कारण लिहावं, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये. आदेश उत्तमच होता, एका धाडसी मुलीच्या लढ्यातून आला होता. त्यात अॅसिड हे हल्ल्याचं हत्यार म्हणून पाहिलेलं आहे. रोज सकाळी ते हातात धरणारी माणसं त्याच्या कक्षेत नव्हती, आणि नंतरही कोणी त्यांना कक्षेत आणलं नाही. गटारात उतरणाऱ्यांसाठी २०१३ चाच दुसरा कायदा आहे. त्यांच्या मृत्यूंची निदान बातमी होते. संडासाच्या दाराआड भाजलेल्या तळहाताची होत नाही.

आता थोडं कामाचं बोलते, कारण सभेत हाऊसकीपिंगचे काही कामगार बसलेले मला दिसताहेत. रसायन अंगावर पडलं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, डोळ्यात गेलं तर त्याहून जास्त. मगभर पाण्यानं काही होत नाही. कोरडी पावडर किंवा चकत्या असल्या तर आधी फडक्यानं झटका, मग पाणी. भिजलेले कपडे, मोजे, दागिने लगेच काढा, लाज नंतर. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, टूथपेस्ट, हळद, काही लावायचं नाही. एका रसायनावर दुसरं घातलं की दोघांची गाठ पडून आणखी उष्णता निघू शकते आणि जखम वाढते. बर्नॉलची ट्यूब सुपरवायझरच्या खिशातच राहू द्या.

मॉलच्या बेसिनचे नळ सेन्सरचे असतात, हात धरला की चार सेकंदांत बंद. त्याच्याखाली वीस मिनिटं कोण धरणार? संडासातला जेट स्प्रे सगळ्यात चांगला, तो धरून बसा. गमबूट घालत असाल तर सलवार किंवा पॅन्ट बुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली की सांडलेलं सगळं बुटात जाऊन बसतं. उंचावरची काच किंवा चिमणी घासताना हातमोज्याच्या तोंडाची बाहेरून घडी घाला, नाहीतर द्रव थेट काखेपर्यंत येतं. फाटका हातमोजा नुसत्या हातापेक्षा वाईट, कारण आत गेलेलं बाहेर येत नाही. आणि संडासाचं अॅसिड नि ब्लीच कधी एकत्र करू नका. फेस आला म्हणजे जोर आला असं नव्हे. त्यातून क्लोरीन निघतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच वायू, आणि तुम्ही तो चार बाय चारच्या बंद खोलीत सोडता.

पण हे सगळं तुम्हालाच सांगून मी मोकळी झाले तर तो लबाडपणा होईल. हातमोजे तुम्ही विकत घ्यायचे नसतात. बाटलीवर मराठीत आणि हिंदीत नाव लिहायला एक मार्कर लागतो. जगभर मान्य असलेलं एक चित्र आहे: लाल चौकटीत दोन नळ्यांतून थेंब पडताहेत, एका नळीखाली पत्रा झिजतोय आणि दुसरीखाली हात. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं ते आहे. ते प्रत्येक स्प्रे बाटलीवर का नसावं? ठेका देताना दरडोई दर ठरतो, त्यात मोज्यांचा, गॉगलचा, प्रशिक्षणाच्या एका दिवसाचा खर्च वेगळा लिहून का नसावा? सगळ्यात कमी दराचं टेंडर स्वीकारणाऱ्यानं हेही स्वीकारलेलं असतं की मोजे येणार नाहीत. माथाड्यांसाठी १९६९ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ मध्ये. दोन्हींत मंडळ आलं आणि ठेकेदाराच्या मर्जीला बांध बसला. दाराबाहेर उभ्या असलेल्या रक्षकाला जे मिळालं ते दाराच्या आत लादी पुसणाऱ्या मावशीला मिळू नये, याला मला कारण सापडत नाही.

इथे सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत, कॉलेजचे प्राचार्य आहेत, बँकेतले लोक आहेत. उद्या कामावर गेलात की जिन्याखालची ती खोली उघडून बघा आणि प्रत्येक बाटलीत काय आहे ते विचारा. सांगता आलं नाही तर ती बाटली त्या दिवशी वापरू देऊ नका.

आणि माझ्या व्यवसायातल्या तरुण मंडळींना माझी वेगळी विनंती आहे. हात भाजलेला रुग्ण आला की बरोबरच्या माणसाला बाहेर बसवा. रुग्णाला एकट्याला विचारा: काम काय करता, कुठे करता, बाटली कोणी दिली, ईएसआयचं कार्ड आहे का. मग तो सांगेल तेच केसपेपरवर लिहा: जागा, वेळ, ठेकेदाराचं नाव. कामावर झालेली इजा 'घरी झाली' असं लिहू नका.